मामा या पदाबद्दल काही तक्रारी

मामा हे पद अर्ज करून मिळत नाही. बहिणीला मूल झालं की आपोआप नेमणूक होते, ती तहहयात असते, राजीनाम्याची सोय नसते आणि पगार आपणच द्यायचा असतो. एवढं सगळं मला मान्य आहे. मराठी मामा पिढ्यान्‌पिढ्या हे सोसत आले आणि त्यातला एकही कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही. माझी अडचण अशी की मी मराठी मामा असून राहतो छत्तीसगडात, रायपूरच्या उरल्यात. त्यामुळे मामांवरचा कर मला दोन्ही राज्यांचा भरावा लागतो.

आधी महाराष्ट्राचा हिशेब. उष्टावणाला खीर चाटवायला मामा. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं, आणि न्हावी दिसल्यावर त्याचं जे काही व्हायचं ते मामाच्या पँटवर होतं. वरचे दात आधी आले तर ते मामाला जड, अशी समजूत. म्हणजे पोराच्या हिरडीत काय चाललंय त्याचा धोकाही आमच्याच डोक्यावर. मुंजीत बटू रुसून काशीला निघतो, तेव्हा मामाने आडवं येऊन 'जाऊ नको, माझी मुलगी देतो' असं म्हणायचं असतं. माझ्यावर ती वेळ अजून यायची आहे. आली की मी त्याला काशीची गाडी किती वाजता सुटते ते सांगणार आहे. या सगळ्या सेवेच्या बदल्यात रीतीने आम्हाला दिलंय काय, तर कानपिळी. बहिणीच्या लग्नात नवऱ्यामुलाचा कान पिळायचा. तोही एकदाच, तोही अंगठीसाठी आणि तोही हसत हसत.

त्यात गदिमांच्या त्या झुकझुक गाडीच्या गाण्याने आमचं फारच नुकसान केलं. त्या गाण्यातला मामा पैसेवाला आहे, मामी सुगरण आहे आणि दोघांनाही नोकरी नाही असं दिसतं. तीन पिढ्या भाच्यांनी ते गाणं पाठ केलं आणि तोच जाहीरनामा मानला. पुराणं पाहावीत तर तिथेही प्रसिद्ध मामा कोण? कंस, शकुनी आणि शल्य. इतिहास भाच्यांनी लिहिला की असंच व्हायचं. कंसाला निदान आकाशवाणी झाली होती, तीही आठवा भाचा जन्मायच्या कितीतरी आधी. मला ताईने व्हॉट्सॲपवर पीएनआर नंबर पाठवला तेव्हा मुलं कल्याणला हावडा मेलमध्ये बसलेली होती. भाऊजींचं भिलाईत ऑफिसचं काम होतं, दोनेक दिवसांचं. मुलांना तेवढे दिवस माझ्याकडे 'फिरवायला' ठेवायचं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मी नव्हतो.

आता उरला. रायपूरच्या उत्तर अंगाला हा औद्योगिक भाग आहे, शेजारी बिरगाव आणि पुढे सिलतरा. लोहखनिज आणि कोळसा लांबलचक फिरत्या भट्टीत घालून इथे स्पंज आयर्न काढतात, ते वितळवून बिलेट ओततात, बिलेट तापवून लाटतात आणि त्याची सळई होते. मी एका रोलिंग मिलमध्ये हिशेब बघतो. इथे चिमण्या आहेत, ट्रक आहेत, ट्रकांच्या मागे ट्रक आहेत, आणि गच्चीवर सकाळी झाडलेली काळी भुकटी संध्याकाळी पुन्हा हजर असते. पर्यटकांनी यावं असं काही नाही आणि पर्यटकांनीही ते समजून घेतलंय. भाचे मात्र येतात.

ताईचा फोन आला तो धुराबद्दल. मुलांना धुळीत फिरवू नकोस, मास्क लाव, खिडक्या बंद ठेव. ताई राहते डोंबिवलीला, एमआयडीसीच्या अलीकडे. २०२०मध्ये ज्या डोंबिवलीत केमिकलने रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्र्यांना यावं लागलं, तीच ही डोंबिवली. मी तिला रस्त्याचा रंग विचारला नाही. मामाने विचारायचं नसतं.

आता छत्तीसगडचा कर. तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रामाची आई कौसल्या ही दक्षिण कोसलची, म्हणजे आजच्या छत्तीसगडची लेक, असं इथे मानतात. तेव्हा राम हा अख्ख्या छत्तीसगडचा भाचा. इथल्या बोलीत 'भांचा राम'. आणि एक भाचा देव झाला की सगळेच भाचे त्या खात्यात जमा होतात. म्हणून आपल्याकडे भाचा मामाला वाकून नमस्कार करतो, तर इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. मिशा पिकलेला शेतकरी शाळकरी भाच्याचे पाय शिवतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. भाचीलाही तोच मान. भाच्याकडून नमस्कार घेणं हे तर पापच.

नागपूरकर भोसले अठराव्या शतकात इथे आले आणि १८५४पर्यंत राहिले. पुढेही १९५६पर्यंत रायपूरचा कारभार नागपुरातूनच चालायचा. इतक्या काळात एकाही मराठी कारभाऱ्याला या प्रथेला हात लावावासा वाटला नाही. बहुधा सगळे कुणाचे तरी भाचे असणार. १९३५पासून रायपुरात महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे गणपती बसतो, नाटकं होतात. मामांच्या हक्कांवर परिसंवाद मात्र अजून झालेला नाही.

मुलं घरी पोचली. थोरले महाराज नऊ वर्षांचे, धाकट्या बाईसाहेब सहा. शेजारच्या आजींना कळलं की भांचा-भांची आलेत. सत्तरीच्या बाई, गुडघे धरलेले, पण भाचे म्हटल्यावर आल्या. 'पांव परत हंव' म्हणत त्या आमच्या धाकटीच्या पायाशी वाकल्या. इकडे धाकटीला आईने बजावून पाठवलेलं, मोठं माणूस दिसलं की वाकून नमस्कार करायचा. तीही वाकली. दोघींची डोकी आपटली. आजी घाबरून मागे सरल्या, कारण भाचीने पाया पडणं म्हणजे त्यांच्या परलोकाचा प्रश्न. त्यांनी पाप फेडायला पुन्हा वाकायचं ठरवलं. धाकटीला वाटलं, आपला नमस्कार पोचला नाही. ती पुन्हा वाकली. हे बराच वेळ चाललं. मी मध्ये पडलो तेव्हा एकीचा परलोक आणि दुसरीचे संस्कार दोन्ही माझ्यामुळे बिघडले, असं दोन भाषांत ऐकून घेतलं. शेवटी आजींनी धाकटीचे दोन्ही हात धरून ठेवले, पाय शिवले, आणि पदराची गाठ सोडून दहाची नोट तिच्या मुठीत कोंबली.

थोरले महाराज हे सगळं सोफ्यावरून पाहत होते. नोट पाहिल्यावर त्यांनी मोजे काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चंदखुरीला नेलं. रायपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर तळ्याच्या मधोमध कौसल्येचं देऊळ आहे, मूर्तीच्या मांडीवर बाळ राम. २०२१मध्ये सगळा परिसर नव्याने बांधला, तेव्हा बाहेर ५१ फुटी रामही उभा राहिला. मूर्तीविषयी मी माहिती सांगत होतो. मुलं तळ्यातले मासे मोजत होती. बाहेर नारळ विकणाऱ्या बाईंनी मात्र भाच्याची सगळी महती एका दमात सांगितली, आणि ती मुलांनी कान देऊन ऐकली. मग थोरल्याने मान वर करून ५१ फूट नीट बघितले.

'हा याच्या मामांनी बांधला?'

'सरकारने. पण म्हटलं तर हो, सगळ्या मामांनी मिळून.'

'आणि तू मला सायकल पण नाही दिलीस.'

परतीच्या वाटेवर पुढची सीट त्याची झाली. गाडीतल्या गाण्यांचं खातंही त्याच्याकडे गेलं. उरल्याजवळ येईपर्यंत त्याने हिशेब मांडला होता: जन्मल्यापासून मी एकदाही त्याच्या पाया पडलेलो नाही, तेव्हा नऊ वर्षांची थकबाकी निघते. धाकटीने व्याजाबद्दल विचारलं. तिला व्याज कुणी शिकवलं ते मला माहीत आहे, पण भाऊजींचं नाव मी इथे घेणार नाही.

मी सांगितलं, आपण मराठी, आपल्यात असं नसतं. त्यावर तो म्हणाला की मामा, तू मराठी कुठे बोलतोस, तू 'करून राहिलो', 'येऊन राहिलो' म्हणतोस. डोंबिवलीच्या शाळेत चौथीत असलेला माणूस मला व्याकरण शिकवत होता, आणि मला त्याला झापायची सोय नव्हती. मी आवाज चढवला होता एकदाच, महाराज पाण्याच्या टाकीत बादली बुडवून 'खोली' मोजत होते तेव्हा. पलीकडच्या गच्चीवरून आजींचा आवाज आला, 'भांचा ला झन डांट!' आता कॉलनीत मी भाच्याला रागावणारा माणूस म्हणून ओळखला जातो. माझ्याकडे लोक हल्ली कंसाकडे बघावं तसे बघतात.

दुपारचं जेवण गढ़कलेवात. घासीदास संग्रहालयाच्या आवारात छत्तीसगडी पदार्थांची ही जागा आहे आणि मला फार आवडते. फरा मागवला, चीला मागवला, ठेठरी-खुरमी मागवली. थोरल्याने फऱ्याचा तुकडा उचलून निरखला आणि त्यात काय भरायचं राहून गेलंय असं विचारलं. नुसत्या तांदळाच्या पिठाची वळकटी, वाफवलेली, वर तिळाची फोडणी. त्यात काही भरायचं नसतं, हे त्याला पटलं नाही. धाकटीने ठेठरी दाताखाली धरून मोडायचा प्रयत्न केला आणि ती बांगडी म्हणून वापरायचं ठरवलं. जेवण मी एकट्याने संपवलं. संग्रहालय १८७५ सालचं आहे, सिरपूरच्या धातूच्या मूर्ती तिथे पाहण्यासारख्या आहेत. आम्ही तिथलं स्वच्छतागृह पाहिलं.

नवा रायपूर आमच्यापासून बरोबर उलट्या टोकाला. तिथली जंगल सफारी मोठी आहे, बंद बसमधून नेतात. हरणं, अस्वलं, वाघ, सिंह असे वेगवेगळे भाग. वाघाच्या भागात बस शिरली, ड्रायव्हरने वेग कमी केला, सगळ्यांनी श्वास धरले, झाडाखाली पिवळं काहीतरी हललं, आणि आमच्या बाईसाहेबांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं की त्यांना शू लागली आहे. वाघाच्या भागात बस थांबवून कुणालाही खाली उतरवता येत नाही, हे मी सांगितलं. मला उतरव असं मी म्हणतच नाहीये, बस पळव असं म्हणतेय, असं उत्तर आलं. बसमधल्या चाळीस लोकांनी वाघाकडे पाठ करून माझ्याकडे पाहिलं. एका बाईंनी, भांची आहे म्हटल्यावर, मला खडसावलं की आधी विचारायला काय झालं होतं. मी आधी विचारलं होतं. तीनदा विचारलं होतं. 'नाही' असं तीनदा उत्तर मिळालं होतं. पण भाचीच्या तोंडचं 'नाही' हा पुरावा म्हणून छत्तीसगडात चालत नाही.

शेजारच्या पुरखौती मुक्तांगणात नेऊन मी बस्तरच्या दंतेश्वरीपासून चित्रकोट धबधब्यापर्यंत सगळ्यांच्या प्रतिकृती दाखवल्या. २००६मध्ये राष्ट्रपती कलामांनी उद्घाटन केलेली जागा. मुलांना तिथलं एक कुत्र्याचं पिल्लू आवडलं.

संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठी. त्या रस्त्याला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात. हे मी डोंबिवलीच्या मुलांना सांगायला नको होतं असं काही जण म्हणतील. पण सगळं शहर म्हणतं तर मी का नाही म्हणणार? थोरल्याने समुद्र विचारला. मी तळं दाखवलं. त्याने पलीकडचा काठ दाखवला. 'ज्याचा दुसरा काठ दिसतो तो समुद्र नसतो, मामा.' मी म्हणालो, तुमच्या मरीन ड्राइव्हला तरी उभं राहायला जागा मिळते का? तो म्हणाला, तिथे बाबा नेतच नाही, गर्दी असते. म्हणजे ज्या गोष्टीचा अभिमान, ती याने पाहिलेली नाही. तरी वाद मीच हरलो, आणि वर मक्याची कणसं घेऊन दिली.

आणि या सगळ्यावर मीठ चोळणारी गोष्ट म्हणजे मुलांना खरोखर काय आवडलं ते. मिलच्या गेटजवळचा वजनकाटा. ट्रक तोलायचा, आख्खा ट्रक चढेल असा लोखंडी फलाट. काटेवाला ओळखीचा, आणि तोही छत्तीसगडी. तो आधी भाच्यांच्या पाया पडला आणि मग त्याने ट्रकांच्या मधल्या वेळात त्यांना काट्यावर उभं केलं. काटा दहा किलोच्या पटीत दाखवतो, त्यामुळे धाकटी भरली वीस किलो. एक केळं खाऊन पुन्हा चढली तरी वीसच. तिने काटेवाल्याला काटा बिघडल्याचं सांगितलं. तो हो म्हणाला. हाच काटेवाला माझ्या एका पावतीवरून माझ्याशी अर्धा तास भांडला आहे. ट्रक इथे आधी रिकामा तोलतात, मग भरलेला, आणि फरक बिलावर चढतो, हे थोरल्याला फार पटलं. मामालाही तोलू या म्हणाला, सकाळी निघताना भरलेला आणि रात्री आल्यावर रिकामा.

बिरगावच्या भंगारवाल्याने तर कहर केला. त्याने जुन्या स्पीकरमधलं एक गोल लोहचुंबक भाच्याला भेट दिलं. पाया पडून. ते घेऊन दोघं गच्चीवर गेली. चुंबक जमिनीवरून फिरवलं की काळी भुकटी उठून त्याला चिकटते आणि केसासारखी उभी राहते. फिरवत गेलं की केस वाढत जातात, उलटं धरलं तरी पडत नाहीत, फुंकर मारली की एका बाजूला कलतात. बोटाने खरवडून ते केस काढायचे, बरणीत भरायचे, पुन्हा फिरवायचं. रात्री अंधार पडेपर्यंत हे चाललं. चंदखुरी, सफारी, मुक्तांगण, तेलीबांधा, पेट्रोल, तिकिटं, कणसं. आणि व्हिडिओ कॉलवर आईला काय सांगितलं, तर मामाच्या गच्चीवर लोखंडाचे केस उगवतात. ज्या धुळीपासून मुलांना लांब ठेव म्हणून ताईने बजावलं होतं, ती धूळ मुरंब्याच्या बरणीत गच्च भरून तिच्याकडे निघाली होती. बरणी त्यांच्या मामीची. मुरंबा मी संपवावा असं ठरलं.

दरम्यान पायांचा धंदा जोरात होता. कॉलनीत जो येईल तो दहा, वीस, एकाने तर पन्नास. महाराज संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून पाय पुढे करून बसायला लागले. धाकटी वहीत नावं लिहायची. काना-मात्रा चुकत होत्या, रक्कम चुकत नव्हती. वहीत माझ्या नावासमोर रकाना रिकामा होता, आणि तो मला येता-जाता दाखवला जायचा.

शेवटी मी पाया पडलो. दोघांच्याही. शेजारच्या आजी समाधानाने बघत होत्या, बायकोने फोटो काढला आणि तो फॅमिली ग्रुपवर टाकला. तो पाहून मुंबई-पुण्यातल्या मावश्या-आत्यांनी विचारलं की तुझी कंबर बरी आहे ना, काही शोधतोयस का.

भाऊजी भिलाईहून आले. ताजे दिसत होते. मुलांना त्रास दिलास का, असं त्यांनी मुलांना न विचारता मला विचारलं. परतीचं तिकीट वेटिंगवर होतं, हे त्यांनी चहाबरोबर सांगितलं. वेटिंग सतरा. चार्ट लागेपर्यंत मी फोन हातातून सोडला नाही. देवळात कधी फारसा न जाणारा मी, बंजारी देवीला नारळ बोललो. तिकीट कन्फर्म झालं. स्टेशनवर धाकटीने बरणी घट्ट धरली होती, थोरल्याने वही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्याने पाय बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण हावडा मेलच्या खिडकीला गज असतात. भारतीय रेल्वेचे मी त्याबद्दल आभार मानतो.

आता एक विनंती, ती कुण्या सरकारला नाही. रायपूर, दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, बिलासपूर इथल्या मराठी मामांकडे ज्यांना मुलं पाठवायची आहेत, त्यांनी येण्याचं तिकीट काढायच्या आधी परतीचं काढावं, आणि ते कन्फर्म असल्याचा स्क्रीनशॉट पाठवावा. मुलांबरोबर मोजे द्यावेत, दोन जोड, आणि ते काढायचे नाहीत असं घरूनच बजावून पाठवावं.